उतारावर दुखणारा गुडघा आणि डिसेंबरचे ५० किलोमीटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३८, पुण्यात आयटीत नोकरी, तीन वर्षं रस्त्यावर पळतो, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होते. डिसेंबरात सिंहगड–राजगड–तोरणा पट्ट्यातल्या ५० किमीच्या ट्रेल (डोंगरवाटांवरच्या) शर्यतीला नाव घातलंय. हातात चार महिने आहेत. दर रविवारी सिंहगड करतो. चढताना काही होत नाही, उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. आठवड्याला किती किलोमीटर पळू, बूट कोणते घेऊ, काठ्या लागतील का, आणि हा गुडघा घेऊन पळणं चालेल का?

हाफ दोन तासांच्या आत पळणाऱ्याचा दम ५० किलोमीटरला पुरतो. कमी पडतात त्या मांड्या, आणि त्याही उतरताना. तुमचे चारही प्रश्न फिरून उतारापाशीच येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. (मी बरीच वर्षं सह्याद्रीत पळते आणि पळणाऱ्यांना शिकवते. डॉक्टर नाही. जिथे डॉक्टर गाठायला हवा तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.)

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जातानाच शरीराचं वजन तोलून धरत असतो. या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणूनच गड उतरून आल्यावर त्या दिवशी काही वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. रस्त्यावर कितीही किलोमीटर केले तरी या कामाची सवय होत नाही. चांगली बाजू अशी की ही सवय लवकर लागते आणि टिकतेही: एकदा नीट उतार पळून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने त्या फार कमी दुखतात. त्यामुळे रोज उतार पळायची गरज नाही. दहा-बारा दिवसांतून एकदा मोजून घेतलेला उतार पुरतो. रोज उतार पळणारे ऑक्टोबरातच फिजिओकडे रांगेत दिसतात.

उतरायची पद्धतही बदलावी लागेल. रस्त्यावरून आलेले बहुतेक जण उतारावर मागे रेलतात, लांब ढांग टाकतात आणि गुडघा जवळजवळ सरळ ठेवून टाचेवर आदळतात. प्रत्येक पाऊल ब्रेक होतं. घाटात मालाचा ट्रक उतरवणारा ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, सतत ब्रेकवर पाय ठेवत नाही. तुमचा खालचा गिअर म्हणजे आखूड आणि भरभर पडणारी पावलं. धड पायांच्या वर, गुडघे किंचित वाकलेले, कोपरं बाहेर, नजर तीन-चार मीटर पुढे. बुटाच्या टोकाकडे बघत उतरणारा घसरतोच. सिंहगडावर डोक्यावर ओझं घेऊन ये-जा करणाऱ्या ताकवाल्या मावशींची चाल एकदा मागून नीट बघा. ओझं हलत नाही, कारण पाऊल लांब पडत नाही.

आता गुडघा. तुम्ही सांगताय त्यावरून हे इलिओटिबियल बँडचं दुखणं वाटतं, ज्याला पळणारे सगळे ‘आयटी बँड’ म्हणतात. मांडीच्या बाहेरून खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत जाणारी ही जाड पट्टी आहे. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की ती हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबली जाते. हळू, जपून उतरताना गुडघा नेमका त्याच कोनात पुन्हा पुन्हा येतो. म्हणून या दुखण्यात एक विचित्र गोष्ट दिसते: सपाटीवर जरा वेगात पळलं तर बरं वाटतं आणि घाबरत उतरलं तर जास्त दुखतं. ओळखायच्या खुणा अशा. दुखणं सुरुवातीला नसतं, ठरावीक वेळ उतरल्यावर येतं. बोट ठेवून दाखवता येतं, सांध्याच्या थोडं वर, बाहेरच्या बाजूला. थांबलं की दहा-पंधरा मिनिटांत जातं आणि पुन्हा उतरायला लागलं की लगेच परत येतं.

याऐवजी गुडघ्याला सूज येत असेल, तो मधेच अडकत असेल, पाय अचानक सोडून देत असेल किंवा एखाद्या पिळाच्या पावलानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर हे उत्तर इथेच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बाहेरच्या बाजूची गादी फाटली असेल तरी दुखणं जवळपास त्याच जागी असतं.

आयटी बँडच असेल तर पुढचे तीन आठवडे सिंहगड चढा, उतरू नका. गडावर गाडीरस्ता आहे, खाली यायला जीप मिळते. (दरड पडली की पावसाळ्यात रस्ता बंद असतो, तेव्हा आधी चौकशी करा.) अनेकांना हे कमीपणाचं वाटतं, जीपमधून उतरताना कोणी ओळखीचं दिसलं तर तोंड लपवतात. पण आतकरवाडीतून सुमारे ६०० मीटरचा चढ तुम्हाला पूर्ण मिळाला आणि गुडघ्याला एकही वाईट पाऊल पडलं नाही, हा सौदा मी कधीही घेईन.

याच तीन आठवड्यांत खुबा मजबूत करायचा, कारण पट्टी गुडघ्यापाशी दुखत असली तरी तिच्यावरचा ताण हलका करणारा खुब्याच्या बाजूचा स्नायू अनेकदा कमकुवत असतो. कुशीवर झोपून वरचा पाय किंचित मागे ठेवून उचलणं, १५ वेळा, तीन फेऱ्या. साइड प्लँक, ३० ते ४० सेकंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पायरी उतरणं: साधारण २० सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला हलकेच टेकवायची आणि वर यायचं. समोर आरसा ठेवा. गुडघा आत वळत असेल किंवा दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. घाई करायची नाही, खाली जायला मोजून तीन सेकंद. हे दिसायला बायकी व्यायाम वाटतात असं एका धिप्पाड गृहस्थांनी मला ऐकवलं होतं. आठव्या वेळेला त्यांचा पाय थरथरत होता. फोम रोलरने तात्पुरतं बरं वाटतं, तेवढ्यासाठी जरूर वापरा, पण रोलरने पट्टी लांब होते हा समज सोडून द्या. ती फार चिवट असते.

तीन आठवड्यांनी उतार परत सुरू करताना आधी टेकडी घ्या. वेताळ टेकडी पुरेशी आहे. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नसावं. वाढलं तर अर्ध्यावर या. हा नियम इतर बहुतेक दुखण्यांनाही लागू आहे, हाडाचं दुखणं सोडून. त्याबद्दल पुढे लिहिते.

किलोमीटरचं गणित डोंगरात फसवं असतं. आंतरराष्ट्रीय ट्रेल शर्यतींत ढोबळ हिशेब असा करतात: दर १०० मीटर चढ म्हणजे एक जादा किलोमीटर. तुमच्या शर्यतीत समजा २,००० मीटर चढ असेल (नेमका आकडा आयोजकांच्या नकाशावर बघा), तर ५० अधिक २०, म्हणजे ७० किलोमीटरचं काम झालं. चालणाऱ्यांसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियमही अजून उपयोगी पडतो: तासाला पाच किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. त्या हिशेबाने केवळ चालून तेरा तास वीस मिनिटं होतात. तुम्ही चढ चालणार, सपाटी आणि उतार पळणार, तेव्हा नऊ ते अकरा तास धरून तयारी करा. रस्त्यावरचा ‘पेस’, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, घड्याळावरून काढूनच टाका. सहाच्या पेसची सवय झालेल्या माणसाला चढावर अठराचा आकडा दिसला की तो घाबरून पळायला लागतो आणि तिसऱ्या डोंगरावर संपतो. चढ चालायचाच असतो, पुढचे पळणारेही उभा चढ चालतात. गुडघ्यावर हात टेकून, पाठ सरळ ठेवून, एका लयीत.

म्हणून आठवडा तासांत आणि चढाच्या मीटरमध्ये मोजा. सुरुवातीला आठवड्याला पाच तास आणि ७०० मीटर चढ. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आठ-नऊ तास आणि १,५०० ते १,८०० मीटर. दर चौथ्या आठवड्यात तीसेक टक्क्यांनी कमी. नोकरी करणाऱ्याला याहून जास्त झेपत नाही आणि ५० किलोमीटरला लागतही नाही. आठवड्यात पाच दिवस पुरतात. दोन दिवस हलकं पळणं, इतकं हलकं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. एक दिवस टेकडीवर जोरात: तीन ते चार मिनिटं चढ, चालत खाली, असं पाच-सहा वेळा. शनिवारी लांबचं, रविवारी थकलेल्या पायांवर दीड-दोन तास. शनिवार-रविवारची ही जोडी दर आठवड्याला करायची गरज नाही, पंधरा दिवसांतून एकदा केली तरी काम होतं. खुब्याचे आणि पोटरीचे व्यायाम हलक्या दिवसांना जोडून द्या, वेगळा दिवस राखला की तोच दिवस आधी बुडतो.

मुंबईहून किंवा नागपूरहून वाचणाऱ्यांसाठी, जिथे गड जवळ नाही: एक मजला सुमारे तीन मीटर. सिंहगडाचा ६०० मीटर चढ म्हणजे २०० मजले, म्हणजे वीस मजली इमारत दहा वेळा. खाली येताना प्रत्येक वेळी लिफ्ट घेऊ नका, अर्ध्या वेळा जिन्याने या, उताराची सवय तिथेच लागते. वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर पहाटे पाचला घामाघूम होऊन चौथ्यांदा खाली आलेल्या माणसाची चौकशी होते.

महिन्यांचा अंदाज असा. ऑगस्ट-सप्टेंबरात दगडांवर शेवाळ असतं. या दिवसांत उतारावर वेग नकोच. चढ, जिने, ताकद यावर भर द्या. गणपतीत ढोलपथकात असाल तर त्या दहा दिवसांत लांबचं पळणं काढून टाका. कमरेला ढोल बांधून पाच तास वाजवणं हे लांबचंच पळणं आहे, फक्त ते कोणी मोजत नाही. ऑक्टोबरात ऊन बोचतं आणि हवेत अजून दमटपणा असतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर मनगटावरचे आकडे खराब दिसतील, दिसू द्या. नोव्हेंबरात दिवाळीचा आठवडा येतो का ते कॅलेंडरात बघा. फराळाला माझी ना नाही, पण जागरणं आणि प्रवास त्या आठवड्यात पाय थकवतात. तो हलका आठवडा धरूनच आखणी करा.

नोव्हेंबरात दोन गोष्टी कराव्यात. एक, कात्रज ते सिंहगड. पुण्यातली माणसं तो ट्रेक पौर्णिमेच्या रात्री करतात, तुम्ही पहाटे सुरू करा. तिथल्या टेकड्यांचे छोटे चढ-उतार एकामागून एक येतात आणि उतारावर सुटा मुरूम असतो. शर्यतीत पाय कुठे निसटतील याची तालीम यापेक्षा चांगली होत नाही. दुसरं, राजगडाच्या संजीवनी माचीवरून, अळू दरवाज्याने उतरून धारेने तोरण्याच्या बुधला माचीवर जाणारी वाट. ती एकदा दिवसाउजेडी, कोणीतरी माहितगार सोबत घेऊन चाला. पळायचं नाही. वाट, पाणी कुठे आहे, कुठे हात लावावे लागतात हे बघून घ्यायचं. तोरण्याची उंची १,४०३ मीटर, आणि थकलेल्या पायांनी तिथे पोचल्यावर डोकं कमी चालतं. आधी पाहिलेली वाट असली की बराच फरक पडतो. शेवटचे दोन आठवडे कमी करत जा. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या साधारण चौदा दिवस आधी. त्यानंतर घेतलेला उतार फक्त दुखण्यापुरता असतो.

गुडघ्याखेरीज जी दुखणी या चार महिन्यांत येऊ शकतात, त्यातली काही थोडक्यात आणि एक जरा सविस्तर.

घोट्यामागची जाड शीर (कंडरा), म्हणजे अकिलिस, चढ वाढवला की कुरकुरते. सकाळी उठल्यावर ताठ, चाललं की सैल. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम अजून पहिला पर्याय म्हणून देतात: पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच हळू खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून १५ च्या तीन फेऱ्या, वाकवून १५ च्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. रोजचे १८० होतात, आणि असे बारा आठवडे. कंटाळवाणं आहे यात शंका नाही. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली सोडू नका, जमिनीवरच करा. टाचेखाली सकाळच्या पहिल्या पावलाला टोचत असेल तर तो तळपायाच्या पट्ट्याचा प्रकार. पोटरीचे व्यायाम आणि घरात अनवाणी न फिरणं यावर तो बहुतेकांचा बसतो, पण महिने घेतो.

घोटा मुरगळणं हे डोंगरात होणारच. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता जास्त, म्हणून आजपासून दात घासताना एका पायावर उभे राहा, जमलं की डोळे मिटून. मुरगळल्यावर एक्स-रे लागेल का हे ठरवायला डॉक्टर ‘ओटावा नियम’ वापरतात, त्याचा गाभा तुम्हीही लक्षात ठेवू शकता: घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकावर, पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाच्या मुळाशी, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. यातलं काही नसेल तर क्रेप बँडेज, पाय वर, आणि दोन-तीन दिवसांत हलकी हालचाल सुरू. पूर्ण आराम करून घोटा बरा होत नाही, फक्त कडक होतो.

ज्याला मी खरोखर घाबरते ते हाडाचं दुखणं. नडगीच्या आतल्या कडेला पसरट, बरंच लांबवर दुखतं तोवर हाडाला चीर गेलेली बहुधा नसते आणि भार कमी केला की दुखणं जातं. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा, त्या पायावर उडी मारली की तिथे कळ, आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर तिथे ताणाने हाडाला चीर गेलेली असू शकते. यात ‘दहापैकी तीन चालेल’ हा नियम लावू नका. पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये चीर दिसत नाही, ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून परत पळायला लागलेले लोक मी पाहिलेत, त्यांचे पुढचे सहा महिने गेले. दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांत ड जीवनसत्त्व कमी निघणं आपल्याकडे नेहमीचं आहे, शाकाहारी असाल तर बी-१२ आणि लोहही. चार महिने भार वाढवणार आहात, तर सुरुवातीलाच एकदा रक्त तपासून घ्या. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच. बायकांची पाळी पळणं वाढवल्यावर थांबली किंवा फार लांबली, तर ती अभिमानाची गोष्ट नाही. खाणं कमी पडतंय आणि हाडं त्याची किंमत देतायत.

काळी पडणारी नखं, मांड्या आणि बगला घासून सोलणं, पायाचे फोड: नखं आदल्या दोन-तीन दिवसांत कापा, व्हॅसलीन सढळ हाताने लावा, पुढे जाऊया.

बुटांकडे येते. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं, म्हणून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट संध्याकाळी घ्या, पाय सुजलेले असताना, आणि पळायचे मोजे घालून. नाडी बांधताना वरच्या शेवटच्या भोकातून फास करून टाच मागे पक्की बसवा, निम्मी काळी नखं तिथेच वाचतात. तळाचे खिळे, ज्यांना दुकानात ‘लग’ म्हणतात, चार ते पाच मिलिमीटर खोल असले की सह्याद्रीला पुरतात. सहा मिलिमीटरचे चिखलात छान, पण आपल्याकडे डिसेंबरात चिखल नसतो, कातळ आणि मुरूम असतो, आणि कातळावर उंच खिळ्यांमुळे रबराचा संपर्क कमी होतो. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, म्हणजे ‘ड्रॉप’, सध्याच्या बुटांपेक्षा फार वेगळा घेऊ नका. दहा मिलिमीटरच्या सवयीवरून शून्यावर आलात तर गुडघा सुटेल आणि अकिलिस धरेल. तळात टोकदार दगडांपासून वाचवणारी पातळ पट्टी असेल तर राजगड–तोरण्याच्या धारेवर ती उपयोगी पडते. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर कुठलाच बूट धरत नाही, कितीही महाग घेतला तरी. तिथे बसून उतरायचं.

‘ॲक्शन ट्रेकिंग’ या बुटांबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगते. सह्याद्रीतल्या ट्रेकर्सच्या कित्येक पिढ्या ते बूट घालून फिरल्या आहेत आणि कोरड्या कातळावरची त्यांची पकड वाखाणण्यासारखी आहे. सरावाला, पावसाळ्यात, गड चढायला खुशाल वापरा. पण ते चालण्यासाठी घडवलेले बूट आहेत. दहा तास पळायचं असेल तर तळाला अधिक मऊपणा असलेला पळायचा ट्रेल बूट घ्या. किंमत नऊ हजार की सोळा हजार यापेक्षा तो तुमच्या पायाच्या आकाराचा आहे का ते बघा, आणि शर्यतीआधी त्यात ८०-१०० किलोमीटर झालेले असू द्यात.

मोज्यांवर लोक पैसे वाचवतात ते मला कळत नाही. सुती मोजे नकोत, घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर कुसळांचा हंगाम. वाळलेल्या गवतातून तासभर गेलात की कुसळं मोज्यात शिरतात आणि प्रत्येक पावलाला टोचतात. बुटांवर बसणारे छोटे कापडी गेटर घ्या. शंभर वेळा थांबून कुसळं उपसण्यापेक्षा स्वस्त पडतात.

काठ्या: तुमच्या गुडघ्यासाठी हो, पण अर्धवट मनाने नको. उतारावर त्या गुडघ्यावरचा काही भार हातांवर घेतात आणि लांबच्या चढाला लय देतात. मात्र कारवीच्या दाट वाटेवर त्या अडकतात आणि जिथे कातळाला हात लावून चढायचं तिथे अडचण होतात. घडी घालून झटकन बॅगेत जाणाऱ्याच घ्या, आणि तीन महिने दर आठवड्याला वापरा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काढलेल्या काठ्या स्वतःच्याच पायात येतात. आयोजक त्यांना परवानगी देतात का तेही बघा.

पाठीवर दीड-दोन लिटर पाणी मावेल असं अंगाला घट्ट बसणारं वेस्ट (बिनबाह्यांच्या जाकिटासारखी पिशवी), चार्ज केलेला हेडलॅम्प आणि सुटे सेल, शिट्टी, क्रेप बँडेज, पातळ विंडचीटर. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. दहा-अकरा तास लागणाऱ्याला एका टोकाला तरी अंधार लागतोच.

खाण्याचा सराव पायांइतकाच लागतो. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम, चार खजुरांतही तेवढीच. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याची चिक्की, गुळाची पोळी, जे पोटाला चालतं ते. शेंगदाण्याची चिक्की कमी घ्या, तिच्यातलं तेल उतारावर पोटात घुसळतं. जेल वापरायची असेल तर शनिवारच्या लांबच्या दिवशी आधी वापरून बघा, पोट कोणत्या जेलशी भांडतं ते शर्यतीत कळू नये.

पाणी तहानेप्रमाणे. नुसतं साधं पाणी तासन्‌तास ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस गोंधळतो, आणि सोबतच्यांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते अजून पाजतात. हे जिवावर बेतू शकतं. एखाद्या बाटलीत ओआरएस ठेवा, औषधाच्या दुकानातलं, एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच. खोक्यातली गोड पेयं त्याच्या जागी चालत नाहीत.

आणि गुडघा दुखेल म्हणून सुरुवातीलाच वेदनाशामक गोळी खाऊन निघायचा विचार असेल (तुम्ही विचारलं नाहीत, पण निम्मे लोक करतात), तर करू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करतात. घामाने पाणी गेलेलं, स्नायू तुटत असलेले, ऊन वर आलेलं, अशा वेळी त्या सगळ्यात वाईट. शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, अंग सुजलं, मांड्या दगडासारख्या कडक झाल्या, तर घरी झोपून वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल.

सरावाला एकटे जाऊ नका, निदान धारेच्या वाटांवर तरी. पहाटे निघताना वाट आणि परतायची वेळ घरी सांगा, व्हॉट्सॲपवर लोकेशन टाका, पण डोंगरात रेंज जाते हे धरून चाला. आग्यामोहोळ कड्यांवर असतात, अत्तर-डिओ लावून जाऊ नका आणि वाटेत कोणी शेकोटी पेटवली असेल तर धूर कुठे जातोय ते बघा. दगडावर हात ठेवण्याआधी डोळ्यांनी बघा, फुरसं (छोटा विषारी साप) नेमकं तिथेच उन्हाला पडलेलं असतं. चावलंच तर चिरा मारणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. पाय हलू न देता सोबतच्यांनी उचलून खाली आणायचं, १०८ ला फोन करायचा आणि जिथे सर्पदंशावरची लस (प्रतिविष) आहे असं रुग्णालय गाठायचं. वेल्हे, गुंजवणे, पाली, ज्या गावातून चढणार तिथे आदल्या दिवशीच विचारून ठेवा की ती जवळात जवळ कुठे मिळते.